व्हेल्वेट अंडरग्राउंडचं सुरुवातीचं फुटेज

न्यूयॉर्कच्या व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडचं 1965 ते 67 या काळातलं जे काही थोडंफार चित्रीकरण उरलंय त्याबद्दलची ही नोंद. लू रीड, इलेक्ट्रिक व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) घासणारा जॉन केल, स्टर्लिंग मॉरिसन आणि उभ्यानेच ड्रम बडवणारी मॉरीन टकर, शिवाय 1966 मध्ये आलेली जर्मन गायिका निको. पुढे पंकवाल्यांपासून सगळ्यांनी यांचं नाव घेतलं, पण तेव्हा रेकॉर्ड काही खपत नव्हती, टीव्हीवाले ढुंकून बघत नव्हते, मग शूटिंग कोण करणार? केलं ते प्रायोगिक सिनेमावाल्यांनी, आणि त्यांना गाणं नीट ऐकू येतंय का याची फारशी पडलेली नव्हती.

सीबीएसच्या बातम्यांत 31 डिसेंबर 1965 ला अंडरग्राउंड, म्हणजे मुख्य धारेबाहेरच्या प्रायोगिक सिनेमावर एक छोटा रिपोर्ट आला, त्यात हे लोक ओझरते दिसतात. मग 13 जानेवारी 1966 ला डेलमोनिको हॉटेलात मानसोपचारतज्ज्ञांच्या वार्षिक जेवणात (हो, खरंच!) वाजवलं, ते योनास मेकास या प्रायोगिक सिनेमावाल्याने टिपलं.

सगळ्यात भारी सिनेमा मात्र पॉप आर्टवाला चित्रकार अँडी वॉरहॉलचा. जानेवारी 1966 मध्ये त्याच्या फॅक्टरी या स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट 16 मिमीवर शूट केलेला, 67 मिनिटांचा. गाणं नाहीच, नुसतं एकसलग वाजवणं, निको स्टुलावर बसून टँबोरिन (खंजिरीसारखं वाद्य) वाजवतेय, पायाशी तिचा छोटा मुलगा एरी आपल्याच नादात, आणि कॅमेरा उगाचच झूम होतोय, डुलतोय, मधेच कुणाच्या कानावर जाऊन थांबतोय. शेवटी आवाजाच्या तक्रारीवरून पोलीसच येतात आणि बैठक मोडते. आवाज कॅमेऱ्यातच थेट फिल्मवर उमटायचा म्हणून तो असा खरखरीत. 1200 फुटांचं एक रीळ साधारण 33 मिनिटं चालायचं, हा सिनेमा म्हणजे अशी दोन रिळं.

बॉस्टन टी पार्टी या हॉलमधलं 1967 चं रंगीत फुटेजही बरोब्बर एका रिळाचं, 33 मिनिटांचं. केल बँडमध्ये असतानाच्या काळातलं, प्रेक्षकांसमोरचं आणि आवाजासकट असं दुसरं मिळणं मुश्किल, पण दिव्यांची लुकलुक आणि झूमची मस्ती इतकी की वाजवणारे धड दिसतील तर शपथ.

रोनाल्ड नेमेथने जून 1966 मध्ये शिकागोत वॉरहॉलचा मल्टिमीडिया शो शूट केला तोही प्रसिद्ध आहे, फक्त त्यात लू रीडला शोधत बसू नये, तो तेव्हा काविळीने आजारी होता आणि गायला केल होता.