डॉक्टरांच्या संगणकातली विस्मरणाची नोंद

समजा, एडिनबरोतल्या एक आजी लेकीसोबत फॅमिली डॉक्टरांकडे आल्यात. "आईने काल तीनदा साखर आणली," लेक सांगते. डॉक्टर संगणकात 'विसरण्याची तक्रार' हा कोड, म्हणजे तक्रारीची ठरलेली सांकेतिक खूण, टाकतात. काही महिन्यांनी मेमरी क्लिनिकचं पत्र येतं, मग स्मृतिभ्रंशाचा कोड चढतो. संशोधकाच्या तक्त्यात आजींचा आजार या तारखेला सुरू होतो. घरात तो कधीचाच मुक्कामाला आलेला असतो.

तरीही या कोडांना मोल आहे. 'यूके बायोबँक' या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य अभ्यासाने २००६ ते २०१० दरम्यान ४० ते ६९ वयोगटातले ५ लाख लोक सामील करून घेतले. यातल्या कुणाला पुढे स्मृतिभ्रंश झाला, हे पुन्हा बोलावून तपासावं, तर नेमका ज्याला आजार झालाय तोच यायचा बंद होतो. ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या फॅमिली डॉक्टरकडे असतं; माणूस आला नाही तरी नोंद सापडते.

पण ती खरी किती? एडिनबरोच्या संशोधकांनी बायोबँकच्या १७,१९८ सहभागींमधून फॅमिली डॉक्टर, रुग्णालय किंवा मृत्यूच्या नोंदीत स्मृतिभ्रंशाचा कोड असलेले १२० जण शोधले आणि त्यांची सगळी वैद्यकीय कागदपत्रं तज्ज्ञाकडून वाचून घेतली. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. फॅमिली डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांना तो खरोखर होता. मला हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो. प्रकार ओळखताना मात्र गाडी अडते: अल्झायमरचा कोड शंभरात सुमारे ७४ वेळा बरोबर, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा कोड तिन्ही ठिकाणच्या नोंदी धरून जेमतेम ४४ वेळा. म्हातारपणी मेंदूत दोन्ही बिघाड अनेकदा एकत्र नांदतात, कोड मात्र एकच निवडला जातो.

आपल्याकडे पेशंटची फाइल घरच्या कपाटात, नाहीतर पिशवीत. म्हणून 'लासी-डॅड' या भारतातल्या ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात हजारो ज्येष्ठांची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागली. त्यातून साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण असा अंदाज निघाला.

सत्त्याऐंशीचा आकडा फक्त कोड पडलेल्यांविषयी बोलतो. एकटे राहणारे, ज्यांच्या साखरेच्या पुड्या मोजायला लेक नाही, ते या हिशेबात येतच नाहीत.