औषधाच्या व्याख्येत बसलेलं सॉफ्टवेअर

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात सेन्सर आणि मशीन लर्निंगवर काम करणाऱ्या बायोमेडिकल इंजिनिअरचा बराच वेळ हल्ली परवान्याची फाइल तयार करण्यात जातो. ठाणे-बेलापूर रस्ता रसायनांच्या कारखान्यांचा होता तेव्हा 'बायोमेडिकल' म्हणजे हॉस्पिटलातली मशीन दुरुस्त करणारा, एवढीच ओळख होती. अंगावर यंत्र बांधून माणसाला हिंडू द्यायची कल्पना मात्र त्याहून जुनी. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत पाठीवर वागवायचं ईसीजी यंत्र सुमारे ३८ किलोंचं होतं. १९८० मध्ये ४७ जणांच्या ईसीजीच्या ४८ नोंदी संशोधकांसाठी खुल्या झाल्या. प्रत्येक नोंद अर्ध्या तासाची. आजही कॉलेजातला प्रोजेक्ट बहुधा तिथूनच सुरू होतो.

खरा गुंता केंद्र सरकारच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेचा. १९४० च्या औषध कायद्याखाली तोवर मोजकीच वैद्यकीय उपकरणं येत. १ एप्रिल २०२० पासून निदान, देखरेख किंवा उपचारासाठी असलेलं प्रत्येक उपकरण, त्यातलं सॉफ्टवेअरसुद्धा, कायद्याच्या लेखी 'औषध' झालं. कोड लिहिणाऱ्याला हे ऐकून हसू येतं, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. कारण सेन्सर तोच. 'तुमची पावलं मोजतो' म्हटलं तर ते घड्याळ, आणि 'हृदयाची लय बिघडल्याचं ओळखतो' म्हटलं की वैद्यकीय उपकरण. सगळं दाव्यावर ठरतं. आधी ऐच्छिक नोंदणी होती. मग कमी जोखमीच्या अ-ब वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या क-ड वर्गांना वर्षभराने परवाना सक्तीचा झाला. उत्पादकांची ओरड आपण भरपूर ऐकली. 'वेलनेस' या गुळगुळीत शब्दाआड लपायची सोय त्यांनीच वापरली, हे मात्र कमी बोललं जातं.

अडचण खोटी नाही. मनगटावरचा हिरव्या प्रकाशाचा सेन्सर चालताना कधीकधी पावलांची लयच नाडी समजून मोजतो. ऐरोली स्टेशनचा जिना घाईने चढणाऱ्याचा आकडा म्हणूनच भरवशाचा नसतो. उपाय म्हणजे अशाच चालत्या माणसांच्या नोंदी घेऊन मॉडेल, म्हणजे नोंदींवरून शिकलेला प्रोग्राम, पुन्हा शिकवणं. पण २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत मोठ्या बदलाला पूर्वपरवानगी लागते, किरकोळ बदल नुसता कळवायचा. पुन्हा शिकवलेलं मॉडेल यातलं कोणतं, यावर महाप्याच्या मीटिंगमध्ये चहा गार होतो.