ईसीजीत न दिसणारा फुगा
कोल्हापुरात गंगावेशीतल्या पासष्टीच्या, वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या माणसाच्या कमरेत अचानक कळ आली, की घरातले म्हणणार, "मुतखडाच असणार." बहुतेक वेळा असतोही. पण या वयात आणि या सवयीच्या माणसात दुसरीही एक शंका घ्यावी लागते: पोटातली महाधमनी फुगून फुटायला आली असेल तर? या फुगवट्याला डॉक्टर अ‍ॅन्युरिझम म्हणतात.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीजवळ तिचे दोन फाटे होतात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते. ३ किंवा त्याहून जास्त भरली तर तो अ‍ॅन्युरिझम. भिंतीतले लवचिक तंतू झिजले की ती सैल पडते. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा आला की हवा भरताना तोच वाढत जातो, तसंच इथं. रक्तदाब तेवढाच राहिला तरी रुंदी वाढेल तसा भिंतीवरचा ताण वाढतो.

आणि हे सगळं बिनबोभाट चालतं. दुखत नाही, ईसीजीत दिसत नाही. एखाद्या सडपातळ माणसाला पोटावर हात ठेवल्यावर धडधड लागते, इतकंच. फुटल्यावर मात्र बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. आइन्स्टाइन यानंच गेले. १९४८ मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांची फुगलेली धमनी सेलोफेनमध्ये गुंडाळली होती; एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली, तेव्हा त्यांनी पुन्हा शस्त्रक्रियेला नकार दिला.

आपल्याकडे हृदयाचं काहीही निघालं की तांबड्या रश्श्यावर खापर फुटतं. या आजारात मोठा गुन्हेगार धूर आहे. त्याखालोखाल वय, पुरुष असणं, घरात कुणाला हा आजार असणं आणि रक्तदाब. गंमत म्हणजे मधुमेह्यांत हा कमी आढळतो. साखरेच्या आजाराचा एवढा एकच उपकार!

शोधायला पोटाची साधी सोनोग्राफी पुरते. ६५ ते ७५ वयाच्या, कधीकाळी का होईना धूम्रपान केलेल्या पुरुषानं ती एकदा तरी करावी. खड्यासाठी सोनोग्राफी होणारच असेल तर "महाधमनीचीही रुंदी बघा" म्हणायला काय जातंय?

फुगवटा लहान असेल तर बिडी बंद, रक्तदाब ताब्यात आणि ठरावीक काळानं पुन्हा मोजणी. पुरुषांत साधारण ५.५ आणि बायकांत ५ सेंटीमीटरला, किंवा त्याआधीच तो झपाट्यानं वाढला तर, शस्त्रक्रियेचा विचार होतो. जुनी पद्धत पोट उघडून कृत्रिम नळी शिवण्याची. १९९० मध्ये ब्यूनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून अस्तरासारखी नळी आत सरकवली आणि पोट उघडण्याची गरज बऱ्याच जणांपुरती संपली. माणूस लवकर घरी जातो, पण नळीच्या कडेनं रक्त झिरपू शकतं, म्हणून तपासण्या आयुष्यभर कराव्या लागतात. तब्येत धडधाकट असलेल्या तुलनेनं तरुण रुग्णाला सर्जन आजही कधीकधी पोट उघडण्याचाच सल्ला देतात, तो यामुळेच.