रिकामी जागा शेलला दिसतच नाही

स्क्रिप्टला फोल्डरचं किंवा सर्व्हरचं नाव दिलंच नाही तर ती आपोआप थांबते, असं लई जणांना वाटतं. नांदेड-लातूरकडची इंजिनिअरिंगची पोरं तर ठासून सांगतात, नाव नाही म्हणल्यावर एरर येईलच ना सर. नाही येत! काहून नाही येत, ते एकदा नीट बघा.

डिप्लॉयमेंट म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं. त्यासाठीच्या कमांड ओळीनं लिहून ठेवलेली फाईल म्हणजे स्क्रिप्ट, आणि ती बऱ्याचदा बॅश नावाच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालते. आता हा शेल काय करतो, तर आधी डॉलर लावलेल्या प्रत्येक नावाच्या जागी त्याची व्हॅल्यू भरतो, मग * चिन्ह दिसलं की तिथं त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींची नावं मांडतो, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठं कमांडला बोलावतो. मूळ ओळ काय होती हे कमांडला कधीच कळत नाही. समजा चिठ्ठीवर लिहिलंय, "शिवारातल्या अमक्याच्या वावरातलं सगळं उपटून टाक", आणि अमक्याची जागा कोरी राहिली. शेल ती जागा मिटवतो आणि उरतं "शिवारातलं सगळं उपटून टाक". वाक्य तर बरोबर आहे, मग एरर कशाची येणार?

जानेवारी २०१५ मध्ये गेम घ्यायच्या-खेळायच्या स्टीम या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरच्या आवृत्तीत हेच उघड झालं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये "स्टीमच्या फोल्डरचा पत्ता, मग /, मग *, हे सगळं डिलीट" अशी ओळ होती. पत्ता स्क्रिप्टच शोधून भरणार होती. एकानं फोल्डर दुसरीकडं हलवलं, पत्ता रिकामा निघाला, ओळीत उरलं फक्त /* आणि त्या युजरच्या फाईली गेल्या, जोडलेल्या बॅकअप ड्राईव्हवरच्यासुद्धा. डिलीट करणारी आरएम कमांड नुसत्या / ला, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी असलेल्या फोल्डरला, नकार देते हे खरंय, पण इथं तिच्या हातात / आलाच नाही, शेलनं आधीच * उलगडून आतल्या एकेका फोल्डरचं नाव तिला दिलं होतं.

मग उपाय? बॅशमध्ये "सेट -यू" लावला की न बनवलेलं व्हेरिएबल, म्हणजे ते डॉलर लावलेलं नाव, पकडलं जातं. पण फॉर्ममधला रकाना कोरा सोडला तर व्हेरिएबल बनतं, फक्त आत काही नसतं, आणि ते "सेट -यू" मधून सुटतं. त्यापेक्षा महिरपी कंसात नावापुढं :? लिहा, ते दोन्ही पकडतं आणि स्क्रिप्ट तिथंच थांबवतं. त्यातला कोलन विसरलात तर पुन्हा रिकामं आत शिरतं! अन् कुणी नुसती स्पेस दाबली तर :? सुद्धा फसतं, म्हणून खरी तपासणी म्हणजे "स्टेजिंग" (चाचणीचा सर्व्हर) किंवा "प्रॉडक्शन" (खरा चालू सर्व्हर) यातलंच नाव घेणार, बाकी सगळ्याला नकार.

ऑटोमॅटिक चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये "नाव टाका" असं विचारून उपयोग नसतो, समोर माणूसच नाही. तिथं इनपुट संपलेलं असलं तर ते वाचणारी रीड कमांड रिकामं व्हेरिएबल घेऊन परत येते आणि स्क्रिप्ट पुढं पळत सुटते. त्यामुळं सगळी नावं सुरुवातीलाच घ्या आणि तपासा, एकही फाईल हलायच्या आधी, आणि थांबताना एक्झिट कोड, म्हणजे स्क्रिप्ट शेवटी परत देते तो आकडा, शून्य देऊ नका, नाहीतर पुढच्या टप्प्याला वाटतं काम झालं.

सर्व्हर रूमपुढं नारळ फोडून किंवा अमावस्या टाळून यातलं काहीच टळत नाही. एआयनं लिहून दिलेल्या स्क्रिप्टमध्येही हा :? आपणच शोधायचा.

भरलेलं इनपुट बरोबर असेलच असंही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेझॉनच्या एस-थ्री या फाईली साठवायच्या सेवेमध्ये थोडेच सर्व्हर काढायच्या कमांडला एक इनपुट चुकीचं गेलं, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि अनेक वेबसाईट काही तास अडकल्या. त्यानंतर अमेझॉननं टूलमध्येच अट घातली, की गरजेच्या किमान क्षमतेखाली जाईल एवढे सर्व्हर काढूच द्यायचे नाहीत, कुणी काहीही टाइप करो.