ऑलिव्ह तेलातील न्याहारीचे व गोड पदार्थ

न्याहारीचे पदार्थ, केक, बिस्किटे, गोड पाव आणि पाकातले पदार्थ बटरऐवजी ऑलिव्हच्या फळांच्या तेलात करण्याची पद्धत. भूमध्य समुद्राभोवतीच्या स्पेन, इटली, ग्रीस, लेबनॉन यांसारख्या देशांत ती जुनी आहे. तिथे ऑलिव्हची झाडे हाताशी होती, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात दूध, लोणी व अंडी वर्ज्य असलेले उपवासाचे दिवस बरेच असल्याने तेलातली बिस्किटे आणि केक यांची स्वतंत्र परंपराच तयार झाली. (कडक उपवासाला तेलही चालत नाही, हा भाग वेगळा.) ऑलिव्ह तेल म्हणजे पातळ केलेले बटर नव्हे. त्याचे प्रमाण, ते घालण्याची वेळ आणि मिश्रण हाताळण्याची रीत या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात. नुसती अदलाबदल केली की केक तेलकट होतो आणि बिस्किटे टणक, आणि दोष विनाकारण तेलाला दिला जातो.

तेलाची निवड

एक्स्ट्रा व्हर्जिन तेल फळांपासून केवळ यांत्रिक रीतीने, रसायने न वापरता काढतात. त्यातील मुक्त मेदाम्ले, ओलेइक आम्लाच्या हिशेबाने, ०.८ टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. व्हर्जिन तेलाला ही मर्यादा २ टक्के आहे. बाटलीवर नुसते ‘ऑलिव्ह तेल’ लिहिलेले असेल तर ते शुद्धीकृत तेलात थोडे व्हर्जिन मिसळून केलेले असते. ‘लाइट’ या शब्दाने फसू नये. तो रंग आणि चवीपुरता आहे. चरबी आणि उष्मांक तेवढेच, म्हणजे १ ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी. ‘पोमेस’ तेल फळे दाबून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या मदतीने काढतात. तळायला ते चालते, पण केकला त्याचा स्वाद लागत नाही.

तेल वापरण्याआधी चमचाभर चाखून पाहावे, ही पायरी कधीच गाळू नये. जिभेवर कडसर लागणे आणि गिळल्यावर घशाशी झोंबणे हे ताज्या तेलाचे गुण आहेत; झोंबते ते ओलिओकॅन्थल या घटकामुळे. चॉकलेट, संत्रे, अक्रोड, बडीशेप, रोझमेरी यांच्या संगतीला असे उग्र तेल शोभते. साधा व्हॅनिला केक करायचा असेल तर सौम्य तेल घ्यावे, कारण कडूपणा साखरेखालूनही डोके वर काढतो. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला तर तेल खवट झाले आहे. लिंबाची साल, दालचिनी काहीही घातले तरी हा खवटपणा लपत नाही, म्हणून असे तेल वापरूच नये.

एक्स्ट्रा व्हर्जिन तेल भाजायला चालत नाही, ही समजूत चुकीची आहे. त्याचा धूरांक, म्हणजे तेलातून धूर येऊ लागण्याचे तापमान, साधारण १९० ते २१०° से. असतो. केकच्या पोटात पाणी असेपर्यंत तापमान १००° से.च्या पुढे जात नाही; ओव्हन १८०° वर असला तरी आतले तेल त्या उष्णतेपर्यंत पोहोचत नाही. भाजताना तेलाचा हिरवेपणा आणि थोडा सुवास जातो, बाकी स्निग्धपणा तसाच राहतो.

बटरऐवजी तेल घेताना

बटरमध्ये सुमारे ८० ते ८२ टक्के चरबी, १६ ते १८ टक्के पाणी आणि थोडे दुधातले घन पदार्थ असतात. तेल निव्वळ चरबी आहे. म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तेल आणि १५ ग्रॅम पाणी किंवा दूध घ्यावे. मापाने मोजायचे तर १ कप बटरला पाऊण कप तेल. तेल पाण्याहून हलके असते: १०० मिलि तेलाचे वजन सुमारे ९१ ग्रॅम भरते, तेव्हा मिलि आणि ग्रॅम एकच धरू नयेत.

दुसरा फरक हवेचा. घट्ट बटर साखरेबरोबर फेटले की साखरेचे कण त्यात हवेची असंख्य छिद्रे पाडतात आणि केक त्यांवर फुगतो. तेलात हवा धरून राहत नाही. ते काम अंड्यांकडून किंवा बेकिंग पावडरकडून करून घ्यावे लागते. हॅरी बेकर यांनी १९२७ मध्ये लॉस एंजेलिस येथे केलेला शिफॉन केक याच तत्त्वावर उभा आहे: चरबी म्हणून तेल, आणि हलकेपणा फेटलेल्या पांढऱ्याचा. मात्र पांढरे फेटायच्या भांड्याला तेलाचा नुसता हात लागलेला असला तरी फेस नीट उभा राहत नाही.

तिसरा फरक थंडाव्यात कळतो. बटर फ्रिजमध्ये दगडासारखे होते आणि त्यातला केकही आखडतो. तेलातला केक फ्रिजमधून काढल्यावरही बराच मऊ राहतो. पण याच गुणामुळे तेलात पापुद्रे सुटणारी पेस्ट्री होत नाही. पापुद्र्यांसाठी पिठाच्या थरांमध्ये चरबीचे घट्ट थर लागतात, आणि तेल पिठात मुरून जाते. तेलाचे मोहन घातलेले पीठ फार तर भुरभुरीत होते. तयार फायलोच्या, म्हणजे पिठाच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांना तेलाचा हात लावून ते एकावर एक रचले तर मात्र उत्तम कुरकुरीत होतात.

साधा केक

२३ सेंमी व्यासाच्या, निदान ५ सेंमी उंच भांड्यासाठी मैदा २५० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, अंडी ३, तेल १८० मिलि, दूध १८० मिलि, २ लिंबांची किंवा १ संत्र्याची किसलेली साल, बेकिंग पावडर १० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम. अंडी आणि दूध खोलीच्या तापमानाला आणावे. साल साखरेत घालून बोटांनी चोळावी. साखर ओलसर आणि सुगंधी झाली की सालीतले तेल सुटले असे समजावे.

अंडी त्या साखरेत ४ ते ५ मिनिटे फेटावी. रंग फिका होतो, आकारमान दुपटीला येते आणि फेटणी उचलली की मिश्रण फितीसारखे पडून क्षणभर वर दिसत राहते. आता तेल सुतासारख्या बारीक धारेने, मिनिटभर घेऊन घालायचे. बलकातील लेसिथिन तेलाचे थेंब धरून ठेवते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तेल एकदम ओतले किंवा अंडी फ्रिजमधली असली तर मिश्रण फाटते, कडेला तेलाची चकाकती रेघ दिसते, आणि तोच केक भाजल्यावर तळाशी ओशट, चिकट थर घेऊन निघतो. रेघ दिसली तर तिथेच थांबून १ चमचा कोमट दूध घालून जोरात फेटावे. बहुधा मिश्रण पुन्हा एकजीव होते. मिक्सरच्या पात्यात तेल फार वेळ घुसळू नये, कारण उग्र तेलाचा कडूपणा त्याने ठळक होतो.

चाळलेला मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ तीन वेळा व दूध दोन वेळा असे आलटूनपालटून घालून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. मिश्रण बटरच्या केकपेक्षा पातळ असते. घाबरून त्यात मैदा वाढवणे ही सर्रास होणारी चूक आहे. १७५° से.ला ४५ ते ५५ मिनिटे भाजावे. मधोमध घातलेली काडी कोरडी यावी. तापमापक असेल तर आत ९६ ते ९८° से. हवे. मध्यभाग खचला तर ओव्हन लवकर उघडला, पावडर जास्त झाली किंवा केक कच्चा राहिला. आत उभे बोगदे दिसले आणि घास चिवट लागला तर मैदा घातल्यावर जास्त ढवळले गेले. गरम असताना तेलाचा वास थोडा पुढे येतो. केक पूर्ण निवल्यावर गुंडाळून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी कापावा. तेव्हा चवी एकमेकींत मुरलेल्या असतात. ३ ते ४ दिवस तो कोरडा पडत नाही.

बिस्किटे आणि पाकातले पदार्थ

ग्रीसमध्ये नाताळात होणारी मेलोमाकारोना ही मधाच्या पाकातली बिस्किटे तेलाच्या पिठाची खरी परीक्षा घेतात. संत्र्याचा रस २०० मिलि, तेल २२० मिलि, पिठीसाखर ७५ ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, दालचिनी आणि लवंगेची पूड एका भांड्यात ढवळावी. दुसऱ्यात मैदा ५०० ग्रॅम आणि बारीक रवा १०० ग्रॅम. ओले कोरड्यात ओतून हाताने फक्त खालून वर दुमडायचे, दहा-बारा वेळा, बस. या टप्प्यावर गोळा मऊ आणि बिनचकाकीचा, ओल्या वाळूसारखा दिसतो. कणीक मळण्याच्या सवयीने तो तसाच मळत राहिले तर बघता बघता पृष्ठभाग तुकतुकीत होतो, बोटांच्या फटींतून तेल ओघळू लागते आणि गोळ्याला चिरा जातात. मैद्यातले ग्लूटेन हे चिवट प्रथिन आवळते आणि तेल बाहेर ढकलले जाते. असे पीठ सुधारता येत नाही; त्याची बिस्किटे टणक होतात आणि पाक पीत नाहीत.

अंड्याच्या आकाराचे गोळे करून १८०° से.ला २२ ते २५ मिनिटे भाजावे. पाकासाठी साखर ५०० ग्रॅम आणि पाणी २५० मिलि. साखर विरघळून उकळी आली की उतरवून मध ७५ ग्रॅम घालावा व पाक पूर्ण गार करावा. ओव्हनमधून आलेली गरम बिस्किटे गार पाकात १५ ते २० सेकंद बुडवून काढावी, वर अक्रोडाचा चुरा. दोन्ही गरम असतील तर बिस्किटे विरघळतात, दोन्ही गार असतील तर पाक वरच राहतो.

तेलातला ग्रीक रव्याचा हलवा एक-दोन-तीन-चार या प्रमाणावर चालतो: तेल १ कप, जाडा रवा २, साखर ३, पाणी ४. रवा मध्यम आचेवर तेलात सोनेरी होईपर्यंत सतत हलवावा आणि दालचिनी व लिंबाची साल घालून उकळलेला पाक थोडा थोडा ओतावा. ओतताना हात लांब ठेवावा, कारण पाक फार उसळतो. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले की साच्यात दाबावे.

स्पेनमधील सेव्हिलजवळच्या कास्तिय्येहा दे ला क्वेस्ता येथील ‘तोर्ता दे आसेइते’ ही पातळ, कुरकुरीत गोड चकती आहे. बडीशेपेच्या जातीचे ॲनिस, तीळ आणि ऑलिव्ह तेल घातलेल्या यीस्टच्या पिठाचा गोळा हातानेच थापतात. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधील ‘पोंप अ ल्युइल’ हा नाताळचा गोड पाव तेथील तेरा गोडांपैकी एक. तो सुरीने न कापता हाताने तोडायचा असतो.

अशा यीस्टच्या पिठात तेल शेवटी घालावे. आधी घातले तर पिठाच्या कणांवर लेप बसतो, पाणी आत शिरत नाही आणि पाव फुगत नाही. मैदा, पाणी, साखर व यीस्ट ५ ते ६ मिनिटे मळून लवचीक झाल्यावर तेल तीन-चार हप्त्यांत जिरवावे. पहिल्या हप्त्याला गोळा निसटतो, तुटतो. मळत राहिले की पुन्हा जुळून येतो. न्याहारीच्या साध्या पावाला मैद्याच्या ५ ते १० टक्के तेल पुरते, गोड पावाला २० टक्क्यांपर्यंत जाते.

न्याहारीचे पदार्थ

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे भाजलेल्या पावावर कच्चे तेल. स्पेनमधल्या कॅटलोनियात पावावर पिकलेला टोमॅटो घासून मग तेल आणि मीठ घालतात. लेबनॉन व आसपासच्या मनाकीश या चपट्या पावावर झातर, म्हणजे रानओव्याच्या जातीची पाने, सुमाक आणि तीळ यांचे मिश्रण तेलात कालवून लावतात. ३ मोठे चमचे झातरला ३ ते ४ चमचे तेल. लावण्याआधी थापलेल्या पिठावर बोटांनी खळगे पाडावे. नाहीतर तेल कडेने ओघळून ओव्हनच्या तळावर जळते आणि धुराचा वास सगळ्याला लागतो.

स्पॅनिश पद्धतीचे तळलेले अंडे लहान तव्यात, ८ ते १० मिमी खोल तेलात करतात. तेल १७५ ते १८०° से.ला यावे, पावाचा कण टाकताच त्याभोवती फेस यायला हवा. अंडे आधी वाटीत फोडून तव्याच्या अगदी जवळून सोडावे, तवा किंचित कलता धरून चमच्याने गरम तेल पांढऱ्यावर उडवावे. कड लगेच फुलते, तिला तपकिरी, जाळीदार झालर येते. ४० ते ६० सेकंदांत झाऱ्याने काढायचे. बलक वाहता राहतो. तेल पुरेसे तापले नसेल तर झालर येत नाही आणि अंडे तेल पिते. अंड्याला किंवा तव्याला पाणी असेल तर तेल अंगावर उडते.

ग्रॅनोलासाठी, म्हणजे मधात भाजलेल्या ओट्सच्या कुरकुरीत मिश्रणासाठी, ओट्स ३०० ग्रॅम, सुकामेवा व बिया १५० ग्रॅम, तेल ८० मिलि, मध १०० ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम. एकाच मापाने आधी तेल मोजून मग मध मोजला की मध भांड्याला न चिकटता सुटून येतो. १५०° से.ला ३५ ते ४० मिनिटे भाजावे आणि दर १० मिनिटांनी हलवावे, कारण कडेचा मध आधी करपतो. गरम असताना मिश्रण मऊच असते, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. मऊ आहे म्हणून आणखी भाजत राहिले की कडू होते. मनुका निवल्यावरच घालाव्या.

साठवण

उजेड, उष्णता आणि हवा हे तिन्ही तेल बिघडवतात. गडद बाटली किंवा डबा शेगडीपासून दूर ठेवावा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावा. फ्रिजमध्ये तेल गढूळ होऊन थिजते. बाहेर काढल्यावर पूर्ववत होते, गुण बिघडत नाही, पण तशा थिजलेल्या तेलाची बारीक धार पडत नाही. म्हणून केकला घेण्याआधी ते पुरते पातळ होऊ द्यावे.