नाक दाबले, फलक बदलला

अमेरिकेत महामार्गावर गाडी किती वेगाने हाकायची, हे ठरवण्याचा अधिकार मुळात राज्यांचा. आपल्याकडे मोटार वाहने समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे दिल्ली अधिसूचना काढून वेगाची कमाल मर्यादा ठरवते. वॉशिंग्टनने ही सरळ वाट धरली नाही. त्याच्या हातात होती ती थैली.

ही थैली भरली १९५६ साली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळातल्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले, तेव्हा खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलला. पैसा येणार होता पेट्रोलवरच्या करातून, म्हणजे शेवटी त्याच राज्यांतल्या गाडीवाल्यांच्या खिशातून. पण तो वॉशिंग्टनला जाऊन परत यायचा आणि परत येताना अटी घेऊन यायचा. १९६५ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरात-फलकांवर नियंत्रण ठेवा, नाहीतर निधीतले १० टक्के कापू, असे सांगून झाले होते. वेगमर्यादेच्या वेळी तेच हत्यार जास्त धार लावून बाहेर काढले.

निमित्त झाले तेलाचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले, पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यात ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरच्या वर जाऊ नका, असा चालकांसाठी हुकूम कुठेच नव्हता. होते ते इतकेच की, ज्या राज्यात यापेक्षा जास्त मर्यादा असेल, तिथल्या महामार्ग-प्रकल्पांना केंद्र मंजुरी देणार नाही. नाक दाबले की तोंड उघडते. काही आठवड्यांत देशभर ५५ चे फलक लागले. १९७५ च्या जानेवारीत तात्पुरता उपाय कायमचा झाला.

तेल फारसे वाचले नाही. बहुतेक अंदाज एकूण वापराच्या एखाद्या टक्क्याच्या आसपासच घुटमळतात. अपघाती मृत्यू मात्र १९७३ मधल्या सुमारे ५४ हजारांवरून पुढच्या वर्षी ४५ हजारांवर आले. यात वेगाचा वाटा किती आणि पेट्रोल महागल्याने लोक घरीच बसल्याचा किती, यावर तेव्हापासून वाद आहे.

पश्चिमेकडच्या राज्यांना ही मर्यादा पहिल्यापासून जाचली. तासन्‌तास समोर वळण नाही, गाव नाही, अशा रस्त्यावर ५५ म्हणजे रांगणेच. मोंटानात तर याआधी दिवसा आकड्यात मर्यादाच नव्हती. त्या राज्याने केंद्राचा मान राखला आणि आपलेही खरे केले: फलकावर ५५ लिहिले, पण दिवसा ते ओलांडणाऱ्याला दंड ठेवला ५ डॉलर. गुन्हा कोणता? तर टंचाईत असलेल्या इंधनाची उधळपट्टी. पाचाच्या नोटा गाडीत हाताशी ठेवून लोक निघायचे, असे तिथे अजून सांगतात. मला यात लबाडीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. पैसा फलकासाठी मिळत होता, मग फलक दिला.

केंद्रालाही हे कळत होतेच. म्हणून १९७८ मध्ये नवी अट आली: किती गाड्या खरोखर मर्यादेत धावतात ते मोजून दाखवा, नाहीतर निधी कापू.

उघड बंड केले नेवाडाने. १९८६ मध्ये आंतरराज्य महामार्ग ८० वरच्या जेमतेम ३ मैलांच्या पट्ट्यावर ७० चा फलक लावला. केंद्राने लगेच निधी रोखला. निधी थांबला तर कायदा आपोआप रद्द, असे कलम नेवाडाने आधीच घालून ठेवले होते, त्यामुळे फलकही उतरला आणि भांडायला खटला तेवढा उरला. दरम्यान १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटाच्या खटल्यात केंद्राला कौल दिला होता. तिथे वाद मद्यपानाचे किमान वय २१ ठेवा, या केंद्राच्या अटीचा होता आणि पणाला लागले होते महामार्ग-निधीचे ५ टक्के. हा दबाव असला तरी बळजबरी नव्हे, असे न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले. १९८९ मध्ये नेवाडाही हरले.

जे न्यायालयात जमले नाही ते संसदेत जमले. १९८७ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झालेल्या कायद्याने ग्रामीण आंतरराज्य मार्गांवर ६५ ची मुभा दिली. नोव्हेंबर १९९५ मध्ये क्लिंटन यांनी सही केली आणि अटच गेली.

मोंटाना लगेच जुन्या वळणावर गेले: दिवसा वाजवी वेग, आकडा नाही. मग ८५ मैल वेगाने जाणाऱ्या एका चालकाने दंडाविरुद्ध दाद मागितली. वाजवी म्हणजे नेमके किती, हे ना पोलिसाला सांगता आले, ना न्यायालयात सरकारी पक्षाला. डिसेंबर १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद संदिग्ध म्हणून रद्द केली. पुढच्या मे महिन्यात मोंटानाने आंतरराज्य मार्गांवर ७५ चा फलक लावला, वॉशिंग्टनने न सांगता.