पार्श्वभूमी : छोट्या मासेमारी बोटीवर आग आली कुठून?

१८८६ मध्ये गॉटलीब डाइमलर या अभियंत्याने जर्मनीतल्या नेकार नदीत पेट्रोल इंजिनाची छोटी बोट उतरवली. हे यंत्र पाण्यात फुटणार, अशी लोकांना धास्ती होती. म्हणून त्याने बोटीभोवती तारा आणि चिनीमातीचे इन्सुलेटर बसवून ती विजेवर चालते असा देखावा केला, असं सांगतात. देखावा खोटा होता, पण लोकांची धास्ती खुळी नव्हती. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. मोटारीखाली गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पसरतं आणि त्याची वाफ वाऱ्यावर उडून जाते. बोटीत ती तळाच्या फळ्यांखाली साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्यापर्यंत गेलं की एक ठिणगी पुरते.

होड्यांवर त्याआधीही आग होतीच. वाळूच्या थरावर मांडलेली चूल असायची, कंदील असायचा, फटी बुजवायला डांबर तापवलं जायचं. पण ती आग डोळ्यांसमोर असायची आणि भडकलीच तर बादलीभर पाण्याने आवरायची. इंजिन आलं तशी आग झाकणाखाली गेली, आणि झाकणाखालच्या आगीचा पत्ता धूर बाहेर येईपर्यंत लागत नाही. तेव्हापासून जी जी सोय बोटीवर आली, ती आपली वेगळी आग घेऊन आली. तिच्यावरचे नियम मात्र प्रत्येक वेळी काही दशकं मागून आले, आणि आले तेही बहुधा मोठ्या बोटींसाठी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांनी जे इंजिन आपलंसं केलं, त्याचं मूळ हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टच्या १८९० च्या पेटंटमध्ये आहे. त्याला ‘हॉट बल्ब’ इंजिन म्हणत. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा पोकळ गोळा असायचा. तो चांगला तापल्याशिवाय इंजिन चालू होत नसे. म्हणजे पहाटे निघताना तांडेलाने आधी केरोसिनचा ब्लोलॅम्प पेटवायचा, त्याची निळी ज्योत गोळ्यावर धरायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पायाखाली तेल मुरलेल्या फळ्या, शेजारी इंधनाची टाकी, हाताशी तेलकट चिंध्या. इंजिन एकदा लागलं की गोळा आपल्याच उष्णतेवर तापलेला राहायचा, पण बराच वेळ मंद चाललं की थंड पडायचा आणि दिवा पुन्हा काढावा लागायचा. आज कुणी इंजिनाच्या खोलीत उघडी ज्योत घेऊन उतरला तर बाकीचे पाण्यात उड्या टाकतील. तेव्हा तो रोजचा क्रम होता. तरीही हे इंजिन दशकानुदशकं टिकलं, कारण ते जाडंभरडं तेलही पचवायचं आणि त्याला विजेची ठिणगी लागत नसे. पेट्रोल इंजिनाच्या मानाने ही गोष्ट जमेचीच होती.

उजेडाची कथाही अशीच. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की अॅसिटिलीन वायू निघतो आणि तो लख्ख पांढरा जळतो. रात्री मासे उजेडाकडे ओढून आणायला असे दिवे वापरले गेले. पाण्याने चेतणारा पदार्थ समुद्रावर डब्यात भरून न्यायचा, हा धीटपणाच म्हणायचा. डब्याचं झाकण सैल राहिलं आणि आत पाणी गेलं, तर दिव्याविनाच वायू तयार व्हायचा.

कायद्याने दखल घेतली ती आधी पेट्रोलची. अमेरिकेच्या १९१० च्या मोटरबोट कायद्यात प्रत्येक मोटरबोटीवर जळतं पेट्रोल विझवण्याचं साधन हाताशी असलंच पाहिजे, अशी अट होती. ते साधन कोणतं, हे कायद्याने सांगितलं नव्हतं. १९४० च्या कायद्याने इंजिनाच्या उलट्या भडक्याला अडवणारी जाळी आणि तळातली वाफ बाहेर काढणारी हवेची वाट सक्तीची केली. म्हणजे आग विझवण्यापासून आग लागू न देण्यापर्यंत यायला तीस वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेल सर्वदूर पसरलं आणि थोडी सुस्ती आली. डिझेलमध्ये जळती काडी टाकली तरी ती विझते, हे बहुतेक खलाशांनी पाहिलेलं असतं. सुमारे साठ अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. पण इंजिनात ते शांत पडून राहत नाही. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या, म्हणजे सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या तोटीपर्यंतच्या, बारीक नळ्यांत त्याचा दाब शेकडो बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. सतत थरथरून एखाद्या नळीला केसाएवढी भेग पडते किंवा नट ढिला होतो आणि तिथून धुक्यासारखा फवारा सुटतो. समोरच एक्झॉस्टचा पाइप चारशे अंशांपर्यंत तापलेला असतो. अडीचशे अंशांच्या आतबाहेर डिझेल ठिणगीविना पेटतं, आणि फवाऱ्याच्या रूपात तर लगेच. मोठ्या जहाजांवर या नळ्यांना दुहेरी आवरण सक्तीचं झालं. छोट्या बोटीवर एक्झॉस्टला गुंडाळलेली पट्टीच काय ती आड असते. तीसुद्धा तेल पिऊन चिकट झाली असेल, तर ती आडोसा राहत नाही, वात होते.

त्याच सुमारास बोटीचं अंगही बदललं. १९४० च्या दशकात पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू आले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मासेमारी बोटी सर्रास फायबरच्या होऊ लागल्या. लाकूड कुजतं, किडतं, गळतं, म्हणून कुणालाही फायबर हवंच वाटेल. पण जाड लाकूड वरून कोळसा होत सावकाश जळतं, तर रेझिन काळाकुट्ट धूर सोडत भराभर जळतं. अशी बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळून जाते. मासळी थंड ठेवायच्या खणाभोवती पॉलियुरेथेनचा फोम भरला जाऊ लागला, तो आणखी वाईट. बाहेरून वेल्डिंग करताना पत्र्याआडचा फोम पेटतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. बोट धक्क्याला लागली म्हणजे सुरक्षित, हा समज अशाच दुरुस्त्यांनी खोटा पाडला आहे.

विझवण्याच्या साधनांनीही काही कमी घोटाळे केले नाहीत. १९१० च्या दशकात मोटारी आणि बोटींसाठी कार्बन टेट्राक्लोराइडचे पितळी पंप आले. आकाराने लहान, वापरायला सोपे. पण हे द्रव्य तापलेल्या धातूवर पडलं की फॉस्जिन तयार होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये माणसं मारायला वापरलेला वायू. बंद केबिनमध्ये हा पंप मारणाऱ्याची काय गत होत असेल! शतकाच्या मध्यानंतर ते मागे पडले. मग हॅलॉन वायू आला. हवेत पाच-सहा टक्के मिसळला तरी आग विझवणारा, मागे घाण न ठेवणारा. तो ओझोनच्या मुळावर आला. १९८७ च्या माँट्रियल करारात त्याच्यावर बंधनं आली आणि १९९४ पासून विकसित देशांत त्याचं उत्पादन थांबलं.

वायू कोणताही असो, एक अडचण कायम आहे. डिझेल इंजिन चालू राहिलं तर ते खोलीतल्या हवेबरोबर तो वायूही ओढून एक्झॉस्टमधून बाहेर फेकतं. म्हणून आधी इंजिन बंद, इंधनाचा कॉक बंद, झडपा बंद, आणि मग वायू. तो कॉक इंजिनाच्या खोलीतच असेल तर ही सगळी शिस्त कागदावरच राहते. आणि विझली का हे बघायला लगेच झाकण उघडलं की आत ताजी हवा जाते आणि आग पुन्हा उसळते.

आता नियमांकडे. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये सोलास, म्हणजे समुद्रावर माणसांचे जीव सुरक्षित ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९३४ मध्ये मॉरो कॅसल हे प्रवासी जहाज जळून शंभराहून अधिक माणसं गेली आणि पुढच्या नियमांत आगीला मोठं स्थान मिळालं. पण मासेमारी बोटींना सोलासने जवळजवळ संपूर्ण सूट दिली. त्यांच्यासाठी १९७७ मध्ये स्पेनमधल्या टोरेमोलिनोस इथे वेगळा करार झाला, तोही २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींपुरता. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने तो कधीच अमलात आला नाही. १९९३ मध्ये तो सुधारताना आगीच्या प्रकरणाची मर्यादा २४ वरून ४५ मीटरवर नेली आणि मधल्या बोटी प्रादेशिक व्यवस्थांवर सोपवल्या. २०१२ चा केपटाउन करार याच पायावर उभा आहे.

जगातल्या यांत्रिक मासेमारी बोटींपैकी साधारण पाचातल्या चार बोटी १२ मीटरपेक्षा लहान आहेत. त्यांच्यासाठी काय आहे? १९८० मध्ये अन्न व कृषी संघटना, कामगार संघटना आणि सागरी संघटना या संयुक्त राष्ट्रांच्या तिन्ही संस्थांनी १२ ते २४ मीटरच्या बोटींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या ऐच्छिक. १२ मीटरखालच्या आणि उघड्या बोटींसाठी अशा शिफारसी मान्य व्हायला २०१० उजाडलं. याच कामगार संघटनेने १९९९ मध्ये मासेमारीत दरवर्षी २४,००० माणसं मरतात असा अंदाज दिला होता. त्यानंतरचा एक अंदाज एक लाखाच्या वर जातो. त्यात आगीपेक्षा बोट उलटणं आणि माणूस पाण्यात पडणं याचे बळी जास्त, हे खरं. पण आग लागली की हे दोन्ही धोके एकदमच समोर उभे राहतात. त्यात सुकाणूची केबिन बहुधा इंजिनावरच असते. बॅटरी, तारा, रेडिओ आणि पुष्कळदा लाइफ जॅकेटसुद्धा त्याच दोन-चार मीटरांत. मदत मागायचं साधन आधी जळतं.

पाण्याने विझवायचं म्हटलं तर दुसरीच भीती. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला उभ्या नॉर्मंडी जहाजावर वेल्डिंगच्या ठिणगीने लाइफ जॅकेटांचा ढीग पेटला. आग आटोक्यात आली, पण वर मारलेल्या पाण्याच्या भाराने ते अवाढव्य जहाज आडवं झालं. दहा मीटरच्या बोटीत काही बादल्या पाणी इकडून तिकडे हेलकावलं तरी तोल जातो.

गेल्या काही वर्षांत दिवे, मासे शोधण्याची यंत्रं आणि आता इंजिनंही लिथियम बॅटरीवर येत आहेत. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला मोकळी हवा मिळाली की भागतं. लिथियमच्या सेलचं तसं नाही. तो एकदा आतून तापू लागला की शेजारच्या सेलला पेटवत जातो आणि झाकण लावून हवा तोडली तरी थांबत नाही. छोट्या बोटींवरच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये पहिलं तांत्रिक विवरण काढलं, पण ते मुख्यतः हौशी नौकांच्या मापाचं आहे. अशी बॅटरी थंड करायला पाणीच लागतं, तेही भरपूर आणि बराच वेळ. ते बोटीत किती घ्यायचं, हे तिथल्या तिथे तांडेलालाच ठरवावं लागतं.